संकटसमयी कोणास कळवावे

फॉर्म परत आला. दुसऱ्या कुणाचा आला असता तर त्याचं काही नाही. पण हा फॉर्म वेंडेलिन हासेलवांटरचा होता, आणि ह्या माणसानं इन्सब्रुकात सरकारी जमीन-नोंदणीच्या खिडकीत बसून चौतीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म परत केले होते. आता निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्याचाच फॉर्म त्याच्या पुढ्यात सरकवावा, म्हणजे न्हाव्याला दुसऱ्या न्हाव्यानं 'जा, आधी डोकं धुऊन या' म्हणावं तसं झालं.

खिडकीपलीकडं पर्वत-मंडळाच्या सेन्सीबाई होत्या. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं कागदावर टकटक केली.

"रजिस्ट्रारसाहेब, सतरावा रकाना मोकळा आहे."

"तो ऐच्छिक असेल असं वाटलं मला."

"ऐच्छिक? 'संकटसमयी कोणास कळवावे'? अहो, तुम्ही वर पडलात तर आम्ही काय चौकात दवंडी पिटायची?"

"मी पडणार नाही."

"जायच्या आधी सगळे असंच म्हणतात. उद्या बारापर्यंत आणा. बारा म्हणजे बारा."

'बारा म्हणजे बारा' हे वाक्य वेंडेलिननं आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे मात्र त्याला त्या दिवशी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक नाव लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तर तेच नव्हतं त्याच्याकडं. रविवारी मंडळाची एका दिवसाची सहल होती, गाईडसकट. यंत्रावर बसून वर जायचं आणि घसरगुंडी करत खाली यायचं, तसली नव्हे. स्कीखाली पट्ट्या लावून आपल्या पायांनी डोंगर चढायचा, आणि जिथं कुणाचा माग नाही अशा ताज्या, पिठासारख्या बर्फावरून उतरायचं. दर फेब्रुवारीत असा जाड बर्फ पडला की वेंडेलिन आणि बुर्गी जायचेच. बुर्गी म्हणजे त्याची बायको. ती चार वर्षांमागं वारली आणि स्की तळघरात गेले. त्या उतारांवर एकट्यानं जायचं नसतं. बर्फाचा कडा सुटला तर उकरून काढायला दुसरं माणूस लागतं. म्हणजे बघा, एकट्या माणसाला डोंगरावर जायला माणसं लागणार, माणसं मिळायला फॉर्म लागणार, आणि फॉर्मला परत माणूस लागणार. असा कारभार त्यानं स्वतः चालवला होता, म्हणून त्याला बोलायलाही तोंड नव्हतं.

मूलबाळ नाही. भाऊ होता, तोही गेला. कचेरीतले लोक निरोपसमारंभाला केक खाऊन गेले ते गेलेच. मग त्यानं ठरवलं, इमारतीत कुणाला तरी सरळ विचारायचं. फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि तळमजल्यावर फाल्कनरबाईंची बेल दाबली.

"हासेलवांटरसाहेब! जिन्यापुढचा बर्फ काढायची पाळी तुमची होती बरं का मंगळवारी."

"काढला मी."

"काढलात, पण माझ्या पायरीवर टाकलात. बोला, काय काम होतं?"

फाल्कनरबाईंना तीन मुली, सात नातवंडं. फ्रिजच्या दारावर फोन नंबरांच्या एवढ्या चिठ्ठ्या की दार कुठल्या रंगाचं ते कळत नव्हतं. वेंडेलिननं त्या चिठ्ठ्यांकडं बघितलं, खिशावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "ते... स्कीच्या पट्ट्यांचा गोंद जुना झालाय. काय करावं म्हणतो."

ह्या पट्ट्यांना तिकडं कातडी म्हणतात. एका अंगाला गोंद, तो स्कीला चिकटतो. दुसऱ्या अंगाला लव, ती पुढं सरकू देते आणि मागं घसरू देत नाही. फाल्कनरबाई जन्मात कधी स्कीवर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यामुळं त्यांना ह्यातलं सगळं माहीत होतं.

"बाल्कनीत टांगा. रात्रभर. थंडीनं गोंद जागा होतो."

"थंडीनं?"

"माझा मेहुणा तसंच करायचा. पाय मोडला त्याचा, पण तो दुसऱ्या कारणानं."

वेंडेलिन आभार मानून वर आला. कातडी टांगली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या प्लाटनरकडं गेला. प्लाटनर नळदुरुस्तीवाला होता, आता गुडघे गेले म्हणून घरी असतो. त्याला तरी विचारू म्हणून गेला, तर प्लाटनर दारातच म्हणाला, "बाल्कनीत काय टांगलंय तुम्ही? मेलेला बोका आहे का?"

"कातडी आहे. फाल्कनरबाई म्हणाल्या..."

"त्या बाईला गोंदातलं काय कळतं! गोंद माझा धंदा. गोंदाला ऊब लागते, साहेब. खाकी कागद पसरायचा, वरून इस्त्री फिरवायची. जुना गोंद कागदाला येतो. झालं."

"इस्त्री किती गरम?"

"चांगली गरम. घाबरायचं नाही."

आणि प्लाटनर नुसतं सांगून थांबणारा नव्हता. अर्ध्या तासानं त्यानं जिन्यातून ओरडून विचारलं, "झाली का इस्त्री?" आता वेंडेलिनला 'नाही' म्हणता येईना. त्यानं बुर्गीची इस्त्री काढली, घाबरला नाही, आणि चौतीस वर्षं कागदाची सही नेमकी कुठल्या बाजूला हवी ते लोकांना सांगणाऱ्या ह्या माणसानं इस्त्री लवेच्या बाजूनं फिरवली.

नायलॉन जळाल्याचा वास तुम्ही घेतलाय का कधी? घेऊ नका. छतावरचं धुराचं यंत्र केकाटायला लागलं आणि दोन मिनिटांत सहा माणसं दारात. फाल्कनरबाई ओला टॉवेल घेऊन, प्लाटनर पाना घेऊन, दुसऱ्या मजल्यावरची दोन जोडपी नुसतीच बघायला.

"मी सांगितलं होतं थंडीत टांगा म्हणून," फाल्कनरबाई म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं खाकी कागद घाला म्हणून," प्लाटनर म्हणाला.

ह्या सहांतल्या कुणालाही त्या घटकेला विचारता आलं असतं. सहाच्या सहा त्याच्या स्वयंपाकघरात उभे होते. पण हातात जळकी कातडी धरून, डोळ्यांतून पाणी गळत असताना 'माझ्या फॉर्मात तुमचं नाव घालू का' हे कसं विचारणार माणूस? सगळे आपापल्या घरी गेले. फॉर्म खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं पेन उघडलं आणि सतराव्या रकान्यात बुर्गीचं पूर्ण नाव लिहिलं: नोटबुर्गा हासेलवांटर. नातं: पत्नी. फोन: तिचाच नंबर, जो त्यानं अजून बंद केला नव्हता. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. 'हयात आहे काय' असा रकाना फॉर्मात नव्हता, आणि जे विचारलेलं नाही ते लिहू नये हे तो लोकांना आयुष्यभर बजावत आला होता.

सेन्सीबाईंनी शिक्का मारला. "बघा, किती सोपं होतं. बायकोला सांगून ठेवलंय ना?"

"सांगितलंय," वेंडेलिन म्हणाला. तेही खरंच होतं. येताना तो विल्टेनच्या दफनभूमीवरून आला होता.

आता खरी सरकारी अक्कल पुढंच आहे. संकटसमयीचा नंबर दिला म्हणजे तो लागायला हवा, आणि कुणीतरी उचलायला हवा. म्हणून त्यानं शनिवारी बुर्गीचा फोन ड्रॉवरमधून काढला, पूर्ण चार्ज केला, आणि रविवारी निघताना आपल्याच खिशात घातला. म्हणजे वेंडेलिनला काही झालं तर वेंडेलिनला कळावं. ह्यात कुठं काही चुकतंय असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

रविवारी सकाळी सात माणसं आणि एक गाईड गाड्यांपाशी जमले. तीन दिवस बर्फ पडून आभाळ उघडलं होतं, आणि ऐटबाजाची झाडं एवढी लादली होती की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. गाईडचं नाव कासियान, चाळिशीचा, आवाज असा की बर्फ कोसळायचा. तिकडची रीत अशी की हजार मीटरच्या वर गेलं की साहेब-बाईसाहेब, अहो-जाहो सगळं गाडीत कुलूप लावून ठेवायचं. वर सगळे अरे-तुरे. वेंडेलिनला 'वेंडेलिन' म्हणून कुणी हाक मारली त्याला एवढे दिवस झाले होते की पहिल्यांदा त्यानं मागं वळून बघितलं, कोण बाबा हा वेंडेलिन.

"बीपर दाखवा!" कासियान म्हणाला. गळ्यात एक यंत्र बांधायचं असतं, ते सारखं टुकटुक करतं, म्हणजे माणूस गाडला गेला तर दुसऱ्याच्या यंत्राला सापडतो. एकेक जण कासियानपुढून गेला, एकेकाचं टुकटुक ऐकून त्यानं मान हलवली. "आता फोन बंद करा. फोननं बीपर बावचळतो. सगळ्यांनी."

वेंडेलिननं आपला फोन बंद केला. बुर्गीचा केला नाही. नियम आणि रकाना समोरासमोर आले तर रकाना मोठा. त्यानं तो बीपरपासून लांब, पँटच्या खिशात खाली सरकवला.

चढ सुरू झाला आणि इस्त्रीचं फळ मिळायला लागलं. जिथं लव जळली होती तिथं कातडी काचेसारखी गुळगुळीत. दोन पावलं पुढं, एक मागं. त्याच्यामागं आफ्रा नावाची बाई होती, साठी उलटलेली, ट्राम चालवून निवृत्त झालेली. तिसऱ्यांदा वेंडेलिन घसरून तिच्या स्कीच्या टोकांवर आला तेव्हा ती म्हणाली,

"मागं येताना घंटी वाजवत जा."

"माफ करा."

"वर 'माफ करा' नसतं, 'माफ कर' असतं. दाखव काय झालंय ते." तिनं खाली वाकून कातडी उलटी केली. "हे काय, भाजलंयस की काय?"

"इस्त्री केली."

आफ्रानं त्याच्याकडं नीट बघितलं. "आणि स्टार्च?"

पण पिशवीतून तिनं चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं आणि स्कीभोवती चार-चार वेढे मारून दिले. त्यावर तो रडतखडत शिखरापर्यंत पोचला, सगळ्यांत शेवटी. शिखरावर क्रूस उभा असतो, त्याच्यापाशी रिवाज असा की प्रत्येकानं प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि 'बेर्ग हाइल', म्हणजे डोंगराचा जय, म्हणायचं. हातमोजे काढून. वेंडेलिननं सातही हात घेतले. चार वर्षांत एवढी माणसं त्याच्या हाताला लागली नव्हती. एकाचा हात त्यानं जरा जास्तच वेळ धरला, तर तो गडी म्हणाला, "चक्कर येतेय का रे?"

उतरायची वेळ झाली. वरचा उघडा उतार कासियाननं एकेकाला सोडून उतरवला. खालचं रान आलं तेव्हा तो थांबला. "इथून जोडीजोडीनं. झाडांखाली बर्फ पोकळ असतो, खड्डे असतात. जोडीदार दिसेनासा झाला तर थांबायचं, हाक मारायची. कोण कुणाबरोबर?"

सात जण होते. तीन जोड्या आपसूक झाल्या. मंडळी एकमेकांना ओळखत होती. आफ्रा एका दाढीवाल्याची जोडीदार झाली. राहिला वेंडेलिन.

"तू माझ्याबरोबर ये," असं कासियान म्हणणारच होता. पण त्याआधीच वेंडेलिन म्हणाला, "मी आफ्राबरोबर आहे, तिघं जाऊ आम्ही." कासियान पुढं वळला तसं आफ्राला हळूच म्हणाला, "मी कासियानबरोबर आहे." सवयीचा परिणाम म्हणा. मोकळी जागा दिसली की काहीतरी भरून टाकायचं, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही.

कासियान खाली गेला, जोड्या गेल्या. रानात कुणी उरलं नाही. मग वेंडेलिननं स्की सोडले.

काय सांगू तुम्हाला. चार वर्षं तळघरात पडलेले पाय, पण एकदा वळले आणि वळतच गेले. बर्फ गुडघ्याच्या वर, पण वजन नाही, आवाज नाही. प्रत्येक वळणाला पिठाचा लोट छातीवर यायचा, तोंडावर यायचा, आणि मागं उन्हात लोंबकळत राहायचा. झाडांमधून तो एकटा असा वाहत चालला की मोठ्यानं हसायला लागला. आणि हसता हसता मान मागं वळवून ओरडला, "बुर्गी! बघितलंस?"

मागं त्याचा एकट्याचाच माग होता. पुढं बघेपर्यंत ऐटबाज आला.

झाडाला आपटला नाही, त्याच्या बुंध्याशेजारच्या खड्ड्यात गेला. काखेपर्यंत. स्की खाली कुठं तरी अडकून बसले, पाय हलेना, वरून फांदीनं आपला सगळा बर्फ त्याच्या डोक्यावर रिकामा केला. तो ओरडला. ताज्या बर्फात आवाज जात नाही. उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखं होतं. शिट्टी वाजवली, तर ती गोठलेली. मग तो विचार करायला लागला. कासियानला वाटणार हा आफ्राबरोबर आहे. आफ्राला वाटणार कासियानबरोबर. घरी कुणी वाट बघत नाही. फाल्कनरबाईंना मंगळवारी कळेल, जिन्यापुढं बर्फ साचला की. म्हणजे आज रविवार, सोमवार, मंगळवार. त्यानं बोटांवर मोजलं, निदान बोटं तरी हलत होती.

अर्धा तास गेला असेल. आणि मग त्याच्या पँटमधून बँड वाजायला लागला. कर्णे, ढोल, झांजा. बुर्गीला गावच्या बँडचं कूच फार आवडायचं, तेच तिनं फोनला लावलं होतं. चार वर्षांनी ते वाजत होतं. एक हात कसाबसा बर्फातून खाली घालून त्यानं फोन वर ओढला आणि कचेरीत उचलायचा तसाच उचलला.

"हासेलवांटर."

पलीकडून कासियानचा आवाज, पण कसा, तर चर्चमध्ये बोलावं इतका हळू. "नमस्कार. मी कासियान, मंडळाचा गाईड. बाईसाहेब, घाबरू नका, पण तुमचे यजमान..."

"मी यजमानच बोलतोय."



"वेंडेलिन?"

"हो."

"तू घरी पोचलास?"

"नाही. खड्ड्यात आहे."

"मग हा फोन... थांब. तू बरा आहेस ना?"

"काखेपर्यंत अडकलोय. बाकी बरा आहे."

"कुठं?"

"एका ऐटबाजापाशी."

"वेंडेलिन, इथं सगळे ऐटबाजच आहेत. बायको कुठाय तुझी?"

"विल्टेनला."

"घरी?"

"नाही. दफनभूमीत. चार वर्षं झाली."

पलीकडं कासियानच्या मागं कुणीतरी 'काय म्हणतोय, काय म्हणतोय' विचारत होतं. मग तो म्हणाला, "फोन ठेवतो. मी परत लावीन, तू उचलू नको. वाजू दे."

म्हणून मग त्यानं उंच धरलेल्या हातात बँड वाजत राहिला, आणि त्या आवाजाच्या रोखानं साती माणसं पुन्हा कातडी लावून चढून आली. सगळ्यांत आधी आफ्रा पोचली. तिनं पिशवीतलं फावडं काढलं आणि उकरायला लागली. कमरेपर्यंत उकरल्यावर म्हणाली, "हे गाणं बंद कर आता. लढाईवर निघाल्यासारखं वाटतंय."

खाली रस्त्याकाठच्या खानावळीत सगळे जवाच्या सूपभोवती बसले. खानावळ हजार मीटरच्या खाली होती, त्यामुळं दोघातिघांनी लगेच पुन्हा 'हासेलवांटरसाहेब' सुरू केलं. कासियाननं बॅगेतून फॉर्मांची थप्पी काढली, वेंडेलिनचा फॉर्म वेगळा केला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"मी खड्ड्याबद्दल बोलत नाही. खड्ड्यात कुणीही पडतो," तो म्हणाला. "पण तुझा फोन बंद, तू कुठं नाहीस, म्हणून मी हा नंबर काढला. तो लावायच्या आधी मी दहा मिनिटं नुसता हातात फोन धरून उभा होतो. तुझ्या बायकोला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत. समजलं?"

"समजलं."

"आता खोडून दुसरं नाव लिही. हे तसंच सेन्सीच्या फायलीत गेलं तर पुढच्या सहलीला पुन्हा असाच घोटाळा."

वेंडेलिननं पेन उघडलं. टेबलावर एकदम सगळ्यांना सूप महत्त्वाचं झालं. दाढीवाला सूपमधला क्नोडल, म्हणजे पावाचा गोळा, चमच्यानं कापत राहिला. शिखरावर ज्याचा हात जास्त वेळ धरला होता तो म्हणाला, "माझ्या घरी रेंज नाही हो, नाहीतर..." वाईट माणसं नव्हती. पण असलं नाव कुणी असं पंगतीत थोडंच देतं.

वेंडेलिननं बुर्गीचं नाव खोडलं. एक रेघ, सरळ, खाली तारीख, शेजारी सही, जशी खाडाखोड नियमानं करतात तशी. पुढं पेन थांबलं.

तेवढ्यात आफ्रानं थप्पीतून आपला फॉर्म ओढला आणि त्याच्या सूपशेजारी आपटला. "वाच."

सतराव्या रकान्यात लिहिलं होतं: ट्राम डेपो, मुख्य फोन.

"सत्तावीस वर्षं तिथं नोकरी केली, म्हणून तेच लिहिते दर वेळी. गेल्या महिन्यात सहज लावून बघितला. आता यंत्र बोलतं. तिकिटासाठी एक दाबा, हरवलेल्या सामानासाठी दोन दाबा."

"मग?"

"मग मी काय, हरवलेलं सामान आहे का? तुझं नाव दे इथं."

"माझं? तुमच्या रकान्यात?"

"तुझ्याकडं दोन फोन आहेत, आणि तू खड्ड्यात काखेपर्यंत गाडलेला असताना पहिल्या घंटेला उचलतोस. असा माणूस मला आणखी कुठं मिळणार? आणि 'तुमच्या' काय म्हणतोस. वरचं खाली आणलं तर काही आभाळ कोसळत नाही."

वेंडेलिननं तिच्या फॉर्मात आपलं नाव लिहिलं. एवढं नीट अक्षर त्यानं निवृत्तीच्या कागदावरही काढलं नव्हतं. 'नातं' ह्या रकान्यापाशी दोघं थबकले. शेवटी आफ्रा म्हणाली, "'सहलीतला' लिही." मग तिनं त्याच्या फॉर्मात आपलं नाव खरडलं. "पण शनिवारी पडू नकोस. शनिवारी मी पोहायला असते."

पुढच्या रविवारी मंडळाची परत सहल होती. वेंडेलिन गेला नाही, त्याची कातडी कामातून गेलेली. आफ्रा गेली. तो सकाळी आठला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला. समोर दोन्ही फोन, पूर्ण चार्ज केलेले. शेजारी कागद, त्यावर बचावपथकाचा नंबर, शिखराचं नाव, परतायची वेळ: तीन. नळ सोडला नाही, रेडिओ लावला नाही, न जाणो घंटा ऐकू आली नाही तर.

अकराला फाल्कनरबाईंनी बेल वाजवली. "हासेलवांटरसाहेब, त्या कातड्यांना लोणी चोळून बघा, मेहुणा म्हणतो..."

"उद्या या बाई. आज मी कामावर आहे."

"कामावर? घरात?"

"हो," म्हणून त्यानं दार लावलं.

तीन वाजले. सगळं ठीक झालं तर कळवायची काही पद्धत नसते. कळवायचं ते फक्त संकटसमयी. हे त्याला पाठ होतं, तरी तो सव्वातीनला उठून उभा राहिला, साडेतीनला खिडकीशी गेला, पावणेचारला एका फोनवरून दुसऱ्याला लावून बघितला, लागतोय ना. लागत होता. बँड वाजला, त्यानं घाईघाईनं तोडला, नेमक्या त्याच वेळी फोन यायचा म्हणून.

साडेचारला बाहेर अंधारायला लागलं. कासियानची माणसं एव्हाना खानावळीत सूप पीत असणार. आफ्रा कुणाला तरी टोमणा मारत असणार. दोन्ही फोन गप्प होते. वेंडेलिननं खुर्ची मागं सरकवली, पाय लांब केले, आणि त्या दोघांकडं बघत बसला. एकही वाजत नव्हता. मग त्यानं कागदावर, परतायच्या वेळेपुढं, स्वच्छ अक्षरात लिहिलं: फोन आला नाही. खाली तारीख घातली आणि सही केली.